ओव्हरड्राइव्ह पेडल : रचना, जोडणी आणि फेरबदल (प्रस्तावना)

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा पिकअप व्होल्टच्या काही दशांशांएवढाच विद्युत संकेत देतो. हा संकेत एखाद्या ॲम्प्लिफायरला पेलवणार नाही इतका वाढवला की लहरीचे माथे कापले जातात आणि कापलेल्या लहरीतून मूळ लहरीत नसलेले स्वर जन्माला येतात. कानाला हा आवाज दाट, किंचित खरखरीत आणि लांबवर टिकणारा वाटतो. यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ओव्हरड्राइव्ह पेडल ही क्रिया मुद्दाम, आटोक्यात राहील अशी आणि पायाने चालू-बंद करता येईल अशी घडवते. ॲल्युमिनियमच्या छोट्या डबीत मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर, एखादी आयसी, दोन-तीन डायोड, तीन पॉट (खुंटी फिरवून किंमत बदलता येणारे रेझिस्टन्स), दोन जॅक आणि एक पायस्विच एवढाच तिचा ऐवज असतो.

इतक्या थोड्या भागांमुळे हे उपकरण हौशी माणसाला पूर्ण समजून घेता येते. मोबाइल किंवा संगणकाचे सर्किट एका माणसाला मुळापासून कळणे आज अवघड आहे. पेडलमधल्या प्रत्येक भागाचे काम मात्र कागदावर मांडता येते, मल्टीमीटरने तपासता येते आणि कानाने ऐकता येते. या छंदाचा पाया इथेच आहे. आवाज एखाद्या दुर्मीळ आयसीत किंवा जुन्या डायोडमध्ये दडलेला नसतो. तो भागांच्या परस्परसंबंधातून तयार होतो. एक भाग बदलला की शेजारच्या भागाचे कामही बदलते, आणि हे नाते ओळखायला शिकणे म्हणजेच पेडल बांधायला शिकणे.

मराठी श्रोत्याला या आवाजाचे मूलतत्त्व तानपुऱ्यातून ओळखीचे आहे. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढतो. कंप पावणारी तार त्या किंचित वक्र पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा टेकते आणि साध्या तारेत ऐकू येणार नाहीत असे वरचे उपस्वर उमटतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून या उपस्वरांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. जवारीत तारेच्या हालचालीला घोडीची मर्यादा पडते, पेडलमध्ये विद्युत लहरीला डायोडची मर्यादा पडते. दोन्हीकडे मर्यादेमुळेच नवे स्वर निर्माण होतात.

कोणते स्वर निर्माण होतात हे कापण्याच्या रीतीवर ठरते. लहरीचा वरचा आणि खालचा माथा सारखाच कापला तर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट अशा विषम पटीतले उपस्वर मिळतात. मूळ स्वर मध्य षड्ज धरला तर तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम आणि पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. एक बाजू जास्त आणि दुसरी कमी कापली तर दुप्पट, चौपट हे समपटीतले उपस्वर, म्हणजे वरचे षड्ज, त्यांत मिसळतात. दोन स्वर एकत्र छेडले तर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. षड्ज आणि पंचम यांचे प्रमाण २:३ असल्याने वजाबाकीतून खालच्या सप्तकातला षड्जच मिळतो आणि जोडी भरदार वाटते. गिटारच्या समविभाजित पडद्यांवर पंचम शुद्ध पंचमापेक्षा फक्त २ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, गंधार मात्र सुमारे १४ सेंट चढलेला असतो. म्हणून ओव्हरड्राइव्हमध्ये सा-प जोडी स्वच्छ वाजते आणि गंधार असलेला पूर्ण कॉर्ड खरबरीत होतो. रॉक संगीतात 'पॉवर कॉर्ड', म्हणजे फक्त सा-प जोडी, रुळण्यामागे हेही एक कारण आहे.

या आवाजाचा उगम बिघाडात आहे. १९५० च्या दशकात वादक छोटे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पुरते चढवून वाजवत आणि त्यांचा आवाज आपोआप विरूप होई. गिटारवादक लिंक रे याने १९५८ च्या 'रंबल' या वादनासाठी स्पीकरच्या कागदाला भोके पाडली होती. १९६१ साली आलेल्या, गायक मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटला. तो आवाज इतका आवडला की तसाच परिणाम देणारे 'मॅस्ट्रो फझ-टोन' हे ट्रान्झिस्टरचे पेडल १९६२ मध्ये बाजारात आले. फझ लहरीला जवळजवळ चौकोनी करून टाकतो, ओव्हरड्राइव्ह तिचे माथे गोलसर ठेवतो. जपानच्या बॉस कंपनीचे ओडी-१ हे पेडल १९७७ चे आहे. त्यात लहरीच्या दोन बाजू असमान कापल्या जात. १९७९ च्या सुमारास आयबानेझच्या नावाने ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ आले. त्याची रचना सुसुमु तामुरा यांनी केली होती. जगभरचे हौशी लोक आजही पहिले पेडल म्हणून याच सर्किटची प्रतिकृती बांधतात.

पेडलने संगीतात घडवलेला सर्वात मोठा बदल असा की आवाजाचा पोत आणि आवाजाची पातळी या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर खऱ्या अर्थाने विरूप व्हायचा तर तो शेजाऱ्यांना सहन होणार नाही इतका मोठा लावावा लागतो. पेडलमध्ये तोच पोत अर्ध्या व्होल्टच्या आसपास तयार होतो आणि पुढचा ॲम्प्लिफायर कुजबुजीइतका हळू ठेवता येतो. गिरगावातल्या वाड्या, परळ-लालबागच्या चाळी, दादरची जुनी घरे यांत भिंतीला भिंत लागून संसार असतात. तिथे गिटारचा सराव शक्य होतो तो या वेगळेपणामुळे. एलएम३८६ या आयसीवर अर्ध्या वॉटच्या आसपासचा ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह एवढी सामग्री दहा बाय बाराच्या खोलीला पुरते.

मुंबईत इलेक्ट्रिक गिटार जुनी आहे. वादक व्हॅन शिप्ली यांनी १९५० च्या दशकापासून इथे इलेक्ट्रिक गिटारवर चित्रपटगीतांच्या धून ध्वनिमुद्रित केल्या. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये हिंदी चित्रपटसंगीताची असंख्य ध्वनिमुद्रणे झाली. धोबी तलावाला १८६५ पासूनची फुर्टाडोजची पेढी पाश्चात्त्य वाद्ये आणि स्वरलिपीची पुस्तके विकत आली आहे. तिथून जवळच, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले ध्वनिवर्धकाचे कार्यक्रम थांबले. त्या मंचावर चढणाऱ्या पिढीला परदेशी पेडल सहजासहजी मिळत नव्हते. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी आयातीवर परवाने आणि भारी जकात होती. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून एखादे पेडल आले तर येई, नाहीतर ते इथेच बांधावे लागे.

बांधण्यासाठी लागणारे सगळे ग्रँट रोडला मिळत असे. लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. रेडिओ मेकॅनिक, टीव्ही दुरुस्त करणारे, माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांतले प्रकल्पासाठी भाग शोधणारे विद्यार्थी आणि छंदिष्ट यांची गाठ याच दुकानांत पडते. १९८० च्या दशकात 'एलेक्टर इंडिया' हे छंदिष्टांचे मासिक जवळच्याच प्रॉक्टर रोडवरून निघत असे, म्हणजे सर्किटचा आराखडा आणि त्याचे भाग एकाच वस्तीत मिळत. आजही बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४१४८ डायोड, ४५५८ आणि टीएल०७२ या आयसी, पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टन्स, बॉक्स कंडेन्सर, झीरो पीसीबी (नुसत्या भोकांचा कोरा बोर्ड) आणि सोल्डर तार या रस्त्यावर एका फेरीत गोळा होतात. डबीला भोके पाडण्यासाठी लागणारा पायऱ्यांचा ड्रिल बिट, कानस आणि टॅप नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. चोरबाजारात जुने ट्रान्झिस्टर रेडिओ मिळतात. त्यांच्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूला बनवलेले एसी१२८ सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर सापडू शकतात आणि फझ बांधणाऱ्यांना ते हवे असतात.

सर्किट समजून घेण्यासाठी ट्यूब स्क्रीमरचा नमुना सर्वात सोयीचा आहे. त्याचे चार टप्पे पडतात. पहिला टप्पा इनपुट बफरचा. पिकअपचा संकेत दुबळा असतो, त्याच्यावर भार पडला तर वरचे स्वर मंदावतात. म्हणून सुमारे ५०० किलोओहमचा इनपुट ठेवून एका ट्रान्झिस्टरने तो संकेत पुढे दिला जातो. दुसरा टप्पा कापण्याचा. इथे ४५५८ आयसीचा अर्धा भाग संकेत वाढवतो. वाढ किती होणार हे फीडबॅकमधला (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवरचा) ५१ किलोओहमचा रेझिस्टन्स, त्याच्याशी एकसरीत असलेला ५०० किलोओहमचा 'ड्राइव्ह' पॉट आणि जमिनीकडे (ग्राउंडकडे) जाणारा ४.७ किलोओहमचा रेझिस्टन्स यांच्या गुणोत्तरावर ठरते. पॉट शून्यावर असताना वाढ सुमारे १२ पट आणि पूर्ण चढवल्यावर सुमारे ११८ पट होते. फीडबॅकमध्येच दोन सिलिकॉन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. संकेताची वाढ ०.६ व्होल्टच्या आसपास पोहोचली की ते वाहू लागतात आणि पुढची वाढ थांबते. या रचनेत वाढ एक पटीच्या खाली कधीच जात नाही, त्यामुळे कापलेल्या लहरीवर मूळ लहर स्वार राहते. वादकाच्या बोटांचा हलका-जड आघात ऐकू येत राहतो तो यामुळेच.

४.७ किलोओहमच्या त्या रेझिस्टन्सशी ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर एकसरीत असतो. या दोघांची सीमा ७२० हर्ट्झवर पडते. त्याखालच्या स्वरांना पूर्ण वाढ मिळत नाही. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झवर कंप पावते, म्हणजे तिचा मूळ स्वर इतरांच्या मानाने फारच कमी वाढतो आणि कमी कापला जातो. खालचे स्वर जास्त कापले गेले असते तर सगळा आवाज चिखलासारखा झाला असता. तिसरा टप्पा 'टोन'चा. एक किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड यांची गाळणी साधारण त्याच ७२० हर्ट्झच्या वरचे स्वर उतरवते आणि टोनचा पॉट त्यातले काही परत चढवतो. खालचे आणि वरचे दोन्हीकडचे स्वर उतरल्यामुळे मधला भाग उठून दिसतो आणि ढोल-ताशासारख्या भरगच्च साथीतही गिटार वेगळी ऐकू येते. चौथा टप्पा आवाजाची पातळी ठरवणारा पॉट आणि आउटपुट बफर यांचा आहे.

फेरबदलांना इथून सुरुवात होते आणि भागांच्या परस्परसंबंधांचा पहिला धडाही इथेच मिळतो. समजा, जास्त ड्राइव्ह हवा म्हणून ४.७ किलोओहमऐवजी २.२ किलोओहमचा रेझिस्टन्स लावला. वाढ दुपटीहून अधिक होईल, पण गाळणीची सीमा ७२० वरून सुमारे १,५४० हर्ट्झवर जाईल आणि आवाज पातळ वाटेल. सीमा जागेवर ठेवायची तर कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचा करावा लागतो. उलट, रेझिस्टन्स तसाच ठेवून फक्त कंडेन्सर ०.१ चा केला तर सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि खालचा भाग भरतो. आकडे मांडून केलेला बदल समजून येतो. अंदाजाने भाग बदलत गेले की बरे-वाईट ऐकू येते, पण कारण हाती लागत नाही.

डायोडचा बदल सर्वात लवकर कानावर येतो. जर्मेनियम डायोड ०.३ व्होल्टच्या आसपास वाहू लागतो, सिलिकॉन ०.६ ला आणि लाल एलईडी साधारण १.७ व्होल्टला. एलईडी लावल्यावर आवाज मोकळा आणि मोठा होतो, कारण लहर उशिरा कापली जाते. जर्मेनियममुळे ती लवकर आणि हळुवार कापली जाते, पातळीही उतरते. म्हणून दोन डायोडची तुलना करताना आधी पातळी सारखी करून घ्यावी लागते. मोठा आवाज कानाला बहुधा चांगला वाटतो आणि तिथेच पुष्कळांची फसगत होते. एका बाजूला दोन आणि दुसरीकडे एक डायोड लावला की असमान कापणी मिळते. डायोड फीडबॅकमधून काढून संकेत आणि जमीन यांच्यामध्ये लावले की कापणी कडक होते. एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस आणि डीओडी २५० या पेडलांची रचना अशी आहे.

आयसी बदलण्याला मात्र वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले जाते. जेआरसी कंपनीच्या जुन्या ४५५८डी आयसीभोवती दंतकथा तयार झाल्या आहेत. या सर्किटमध्ये आवाजाचा आकार मुख्यतः डायोड आणि गाळण्या ठरवतात. सॉकेट बसवून ४५५८, टीएल०७२ आणि एनई५५३२ आळीपाळीने लावाव्यात, कोणती लागली आहे हे वादकाला न सांगता ऐकवावे, आणि मग मत बनवावे. बिल फिनेगन यांनी १९९४ मध्ये बाजारात आणलेल्या क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्ह पेडलचे सर्किट काळ्या इपॉक्सीखाली झाकलेले होते आणि त्याच्या जर्मेनियम डायोडभोवती गूढ निर्माण झाले. सर्किट उलगडले गेले तेव्हा समजण्यासारखे भाग आणि विचारपूर्वक केलेली मांडणी समोर आली. त्या पेडलचा मान त्यामुळे कमी होत नाही. ते चांगले का वाजते हे कळले, एवढेच.

वीज हा दुर्लक्षित पण महत्त्वाचा विषय आहे. शंभरपट वाढवणारे सर्किट संकेताबरोबर गुणगुणही वाढवते. भारतातली घरगुती वीज ५० हर्ट्झची आहे, रेक्टिफायरनंतर तिची गुणगुण १०० हर्ट्झवर ऐकू येते. स्वस्त ॲडॉप्टरमधून वरच्या पट्टीतली शिट्टी मिसळते. वीज आत येताच १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांची गाळणी ठेवली तर १०० हर्ट्झची गुणगुण सहाव्या हिश्शावर येते. जुन्या इमारतींत सॉकेटला नीट अर्थिंग नसते, तेव्हा बॅटरीवर पेडल लावून पाहावे. गुणगुण थांबली तर दोष पेडलमध्ये नाही. पेडलांच्या ॲडॉप्टरच्या पिनचा मधला भाग बहुधा ऋण असतो. उलटी वीज गेली तर आयसी जळते, म्हणून संरक्षक डायोड ठेवणे हा नियमच मानावा. नऊऐवजी अठरा व्होल्ट देण्याआधी कंडेन्सरवर छापलेले व्होल्ट वाचावेत. सोळा व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तिथे चालणार नाही. ट्यूब स्क्रीमरमध्ये कापण्याची उंची डायोड ठरवत असल्याने या बदलाने मिळते थोडेच. नवख्याने २३० व्होल्टचा पॉवर सप्लाय स्वतः बांधू नये, तयार आणि सुरक्षित ॲडॉप्टर घ्यावा.

मुंबईची हवा वेगळी काळजी मागते. पावसाळ्यातल्या दमटपणाने आणि खाऱ्या वाऱ्याने जॅकचे संपर्क गंजतात, पॉट खरखरू लागतात. सोल्डर केल्यावर बोर्डावर उरलेला फ्लक्स ओल धरतो आणि मोठ्या किमतीच्या रेझिस्टन्सभोवती वीज झिरपते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसणे आणि डबी घट्ट बसवणे हे उपाय सोपे आणि पुरेसे आहेत.

हत्यारे थोडीच लागतात : २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर तार, डिसोल्डर पंप, कटर, पक्कड, मल्टीमीटर आणि ब्रेडबोर्ड. सोल्डरमध्ये शिसे असते. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत. न वाजणाऱ्या पेडलचा दोष बहुतेक वेळा ड्राय सोल्डर, उलटा लावलेला डायोड किंवा चुकीची वायर यांत असतो. तपासणी क्रमाने करावी. ४५५८ च्या आठव्या पायावर ९ व्होल्ट, चौथ्यावर शून्य, पहिल्या आणि सातव्यावर साधारण ४.५ व्होल्ट मिळाले तर वीज ठीक आहे. मग ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडलेली वायर ॲम्प्लिफायरला लावून संकेताचा माग इनपुटपासून पुढे काढत जावे. आवाज जिथे नाहीसा होतो तिथेच दोष असतो.

हा छंद गिटारपुरता मर्यादित नाही. लालबाग-परळच्या गणपती मिरवणुकांत वाजणारा बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, हे १९१२ साली जपानमध्ये तयार झालेल्या तैशोगोतो या वाद्याचे भारतीय रूप आहे. मिरवणुकीतल्या बेंजोला पिकअप बसवलेला असतो, म्हणजे त्याचा संकेतही गिटारसारखाच हाताळता येतो. त्याचे स्वर उंच पट्टीतले असल्याने ७२० हर्ट्झची सीमा आणि टोनची गाळणी नव्याने ठरवावी लागते. परदेशी कंपन्यांची पेडल मुख्यतः गिटारचा विचार करून बनवलेली असतात. या शहरातल्या बांधणाऱ्याला स्वतःचे काही घडवण्यासाठी इथे मोकळे मैदान आहे. ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारख्या मुंबईच्या कंपनीने इथे घडवलेली पेडल परदेशातले वादकही वापरतात हे दाखवून दिले आहे.

प्रतिकृती बांधून शिकण्यात गैर काही नाही, ही परंपरा या छंदाइतकीच जुनी आहे. दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह किंवा छापील बोर्डाचा आराखडा वापरून माल विकणे मात्र अनुचित आहे. मूळ सर्किट कोणाचे हे सांगावे आणि स्वतः केलेला बदल कोणता तेही सांगावे.

अभ्यासाचा क्रम असा ठेवावा. आधी ब्रेडबोर्डवर एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, मग आयसी आणि दोन डायोडचे साधे डिस्टॉर्शन, त्यानंतर ट्यूब स्क्रीमर झीरो पीसीबीवर, आणि शेवटी डबीत बसवलेले पूर्ण पेडल. एका वेळी एकच भाग बदलावा. बदलाआधीची किंमत, नंतरची किंमत, गणिताने अपेक्षित असलेला परिणाम आणि प्रत्यक्ष ऐकू आलेला परिणाम या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. अपेक्षा आणि कान यांत तफावत पडली तर गणित पुन्हा करावे, पातळी पुन्हा जुळवावी आणि दुसऱ्या वादकाला ऐकवावे. गणित आणि कान जुळू लागले की समोर आलेले कोणतेही ओव्हरड्राइव्ह सर्किट वाचता येते, आणि हव्या त्या आवाजासाठी कोणता भाग किती बदलायचा हे आधीच सांगता येते.